चौदा वेलांची गिलकी

एका घराला गिलक्याचा एक वेल पुरतो. दोन लावले तर शेजाऱ्यांनाही पुरून उरतात. सावळीरामभाऊंनी १९९८ च्या पावसाळ्यात आपल्या परसात चौदा वेल लावले. घरात खाणारं माणूस एकच, ते स्वतः.

"चौदा?" मी परसाच्या भिंतीवरून विचारलं.

"दोन वळी," ते म्हणाले. "एका वळीत सात. त्याच्या खाली हातच जात नाय बाई."

खरंच जात नव्हता. चाळीस वर्षं ज्या हाताने बाजारासाठी भाजी लावली, त्या हाताला घरापुरतं लावता येत नव्हतं. मेथी टाकायची तर वाफाभर, मिरची लावायची तर सरीभर. परस होतं जेमतेम वीस फुटांचं. त्यांनी त्यावर तारेचा मांडव घातला, आणि नागपंचमीपर्यंत वेल मांडवावरून माझ्या भिंतीवर, भिंतीवरून गच्चीच्या कठड्यावर आणि कठड्यावरून विजेच्या खांबाकडे निघाले. पिवळ्या फुलांनी सगळं झाकून गेलं. मग लागली गिलकी. सकाळी टोपलीभर तोडावी, तर संध्याकाळी पुन्हा पानाआडून तेवढीच डोकावायची. गिलकं दोन दिवस जास्त राहिलं की जून होतं आणि आठवड्याने आंघोळीला अंग घासायच्या कामाचं उरतं. म्हणून थांबायचीही सोय नव्हती.

आमची कॉलनी मखमलाबाद रस्त्याला. मी तिथे १९९३ साली राहायला आले. तीस वर्षं नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडले होते. लांबच्या गाण्यांना आवाज पुरेना तेव्हा थांबले. धाकट्या भावाने गल्लीच्या तोंडाशी एक रो-हाऊस घेऊन ठेवलं होतं, त्यात राहिले. मुलंबाळं नाहीत, लग्नच केलं नाही. कॉलनीत मला कुणी मंगलाबाई म्हणत नसे; "नाटकवाल्या आजी" म्हणत. सावळीरामभाऊ नुसतं "बाई" म्हणत.

त्यांचं घर गल्लीच्या शेवटी. दार पार आतल्या कोपऱ्यात, पण गल्ली वळते तशी आमची परसं मात्र पाठीला पाठ लावून. मधे कमरेएवढी भिंत. त्यांच्या स्वयंपाकघरात फोडणी पडली की मला शिंक यायची.

जिथे कॉलनी उभी आहे ती जमीन त्यांचीच, त्यांच्या भावकीची. पिढ्यान्‌पिढ्या भाजी पिकवणारी माळ्याची माणसं. शहर वाढत आलं, प्लॉट पडले, भाऊबंद कुणी पुण्याला, कुणी दिंडोरीकडे जमीन घेऊन गेले. यांनी कोपऱ्यातला एक तुकडा ठेवून त्यावर दोन खोल्या बांधल्या. कुणी नवीन बिऱ्हाड आलं की भाऊ त्यांच्या घराकडे बघून एवढंच म्हणायचे, "इथं आमची कोथिंबीर असायची." माझ्या स्वयंपाकघरात म्हणे पालक होता. समोरच्या सुवर्णाच्या हॉलमध्ये वांगी. सुवर्णा हसायची, "म्हणूनच आमच्याकडे पाहुणे टिकत नाहीत, काटे टोचत असतील!" ती हसली की भाऊ भांबावायचे. पुढे काय बोलायचं ते त्यांना सुचत नसे.

कारण बोलायचं काम कधी त्यांचं नव्हतंच. ते त्यांच्या बायकोचं, नवसाबाईंचं. पहाटे भाऊ टोपल्या भरून द्यायचे, आणि नवसाबाई गोदाकाठच्या भाजीबाजारात जाऊन बसायच्या. गिऱ्हाईकाशी हुज्जत, ओळखीच्या बायकांची विचारपूस, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या सासूचं दुखणं, सगळं त्यांच्याकडे. कॉलनी झाल्यावरही दारात बसून त्या अख्ख्या गल्लीशी बोलत. भाऊ मागे विहिरीवर. पुढे विहीर बुजली तरी मागेच.

नवसाबाई १९९६ च्या मार्गशीर्षात गेल्या. सकाळी छातीत दुखलं, दुपारी संपलं. मुलगा राज पुण्याला नोकरीला. तो तेरा दिवस राहिला, वडलांना चला म्हणाला, ते "बघू" म्हणाले. त्यानंतर भाऊंच्या दारात कुणी आलं तर मीटरवाला, गॅसवाला. एखाद्याच्या घरातलं माणूस जातं तेव्हा माणूसच जातं. यांच्या घरातलं बोलणंही गेलं.

आणि मग ही गिलकी. विकायची म्हटली तर विकायचं काम बाईचं, ते तिच्याबरोबर गेलं. टाकून द्यायची तर पिकवणाऱ्याच्या जिवावर येतं. तेव्हा भाऊ पिशव्या भरून दारोदार निघाले. पहिल्या आठवड्यात लोक खूश. दुसऱ्या आठवड्यात, "अय्या, परत?" तिसऱ्या आठवड्यात भाऊ गल्लीत दिसले की दारं आतून लागायला लागली. मी व्हरांड्यात बसून बघत असे. सुवर्णा तर खिडकीतून मुलांना ओरडायची, "कडी लावा रे, गिलकी आली!" भाऊ ऐकू न आल्यासारखं करत आणि पिशवी फाटकाला अडकवून परत फिरत.

मी स्वतः काय काय केलं त्या गिलक्यांचं! भाजी, भरीत, डाळ घालून, कूट घालून, थालीपिठात किसून. कंपनीत एका नटाला एका नाटकात पाच भूमिका करायला लावत, तशा त्या गिलक्याला मी रोज नवा वेष चढवला. पण तोंडात गेलं की आतून तेच मऊ, गुळमुळीत गिलकं.

एका संध्याकाळी भाऊ भिंतीशी उभे राहिले. हातात पिशवी, सबंध परत आलेली.

"एवढी कुनाला घालू बाई?"

"कमी लावायची होती."

"गिलकी ऱ्हाऊ द्या." त्यांनी पिशवी भिंतीवर ठेवली. मग म्हणाले, "मला एक सवाष्ण पाहिजे."

मी चमकलेच. त्यांनी तुटक तुटक सांगितलं. पितृपक्षातली नवमी, अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी असतं. घरी एक सवाष्ण जेवायला बोलवायची, तिला पोटभर वाढायचं, ओटी भरायची. तिने खाल्लं की गेलेलीला पोचतं. आदल्या वर्षी भाऊंनी सगळा स्वयंपाक स्वतः केला होता. खीर, कढी, वडे, गिलक्याची भजी. नवसाबाईंना गिलक्याची भजी फार आवडायची. पान वाढून दारात उभे राहिले. कुणाला हाक मारावी तेच कळेना. सुनेला दिवस गेलेले, ती येणं शक्य नव्हतं. शेवटी पान गाईपुढे ठेवलं. गाईने हुंगलं आणि निघून गेली.

"कावळ्याला ठेवलं. कावळाबी आला नाय," ते म्हणाले. "दोन वरीस होतील आता. ती उपाशीच हाये."

"मग कॉलनीत सांगा की कुणाला."

"कसं सांगू? वळख ना पाळख. श्राद्धाचं जेवन हाये, लग्नाचं नाय. परक्याच्या घरी त्याला कोन बसंल? आधी चार वेळा येनंजानं पाहिजे. दोन शब्द पाहिजेत." त्यांनी पिशवी वर उचलली. "म्हनून फिरतो ना ही घेऊन."

तेव्हा मला गिलक्यांचा उलगडा झाला. आणि जरा लाजही वाटली. माझ्या डोक्यात काय आलं सांगू? माझ्या पेटीत कंपनीतलं खोट्या मण्यांचं मंगळसूत्र होतं. ते गळ्यात घालून मी हजारदा सवाष्ण झाले होते, पाचशे वेळा विधवा. पण पितरं तिकीट काढून येत नाहीत. त्यांना ते चाललं नसतं.

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही प्लास्टिकच्या पिशवीत देता, तिथे चुकतं. पिशवी परत येत नाही. भांड्यात द्या. भांडं परत करायला माणूस यावंच लागतं. आणि रिकामं भांडं कुणी परत करत नाही. दोन शब्द होतील, चहा होईल. मग नवमीला सांगायला जड जाणार नाही."

पिशवी घेऊन ते आत गेले. दोन दिवस दिसलेही नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर स्टीलचं एक पातेलं चमकत होतं, त्यात सहा कोवळी गिलकी. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव: सौ. नवसाबाई सावळीराम. बोहारणीला जुने कपडे देऊन नवसाबाईंनी एकेक करून जमवलेली भांडी. भाऊंनी ती नवसाबाईंच्याच लुगड्यात बांधून माळ्यावर ठेवली होती. ते गाठोडं त्यांनी सोडलं होतं.

भांडी गल्लीत गेली. नाव वाचून बायका जरा थबकल्या. भांडं असं हातात आलं की गिलकी नको म्हणता येत नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून भांडी परत यायला लागली.

फक्त ती माझ्याकडे आली.

पहिली आली भाग्यश्री. नवीन लग्न झालेली, सिन्नरची मुलगी, नवरा सातपूरला पाळीवर जाणारा. भांड्यात रव्याचे दोन लाडू. माझं घर गल्लीच्या तोंडाशी, मी व्हरांड्यात. ती म्हणाली, "आजी, काका घरी असतील का?" तेवढ्यात भाऊंचा काळू, म्हातारा कुत्रा, आत कुठे तरी भुंकला. ती दचकली. आणि मी म्हटलं, "काळू अंगावर येतो गं कधी कधी. ठेव इथे, मी देते पोचतं. बस ना, चहा टाकते."

काळूला तेव्हा एकही दात शिल्लक नव्हता. भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागे.

मी हे का म्हटलं? त्या क्षणी वाटलं, पोरीची सोय केली. ती बसली. चहा प्यायली. भिंतीवरचा माझा फोटो बघून म्हणाली, "या तुम्ही? केवढं ते नाकात!" मी नथ कुणी दिली ते सांगितलं. मग ट्रक पुरात अडकला आणि आम्ही राजवाड्याचा पडदा अंगावर घेऊन रात्र काढली ते सांगितलं. ती हसून हसून पुढे वाकली. पाच वर्षांत माझ्या घरात कुणी असं हसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. काळू अंगावर येतो हे गल्लीत एव्हाना पसरलंच होतं. सुवर्णा आली ती फाटकातूनच, "आजी, ते गिलकेश्वरांचं भांडं! चकल्या आहेत, निम्म्या तुम्ही खा, त्यांना कुठे कळणार." आणि पायरीवर फतकल मारून बसली. पंधरा दिवस माझ्या व्हरांड्यात रोज दुपारी दोनचार बायका. मी साडी बदलून बसायला लागले. केसांना तेल लावायला लागले. चार वाजत आले की कान फाटकाकडे लागायचे, तिसऱ्या घंटेच्या आधी लागायचे तसे.

संध्याकाळी भांडी भिंतीवरून भाऊंना द्यायची. ते एकेक हातात घेऊन नाव पुसायचे.

"हे कुनाकडचं?"

"सुवर्णाकडचं."

"काय म्हनल्या?"

"गिलकी छान होती म्हणाली."

"बसल्या व्हत्या?"

"थोडा वेळ."

ते मान हलवायचे. एकदा म्हणाले, "इकडं का येत नाय कुनी?" मी भिंतीवरचा वेल सरळ करत म्हटलं, "काळूला घाबरतात."

पितृपक्ष लागला, आणि एकदम उलटं झालं. आमच्याकडे पितरांच्या पानात गिलक्याची भजी लागतातच. बाजारात गिलकी मिळेनात. ज्या दारांना आतून कड्या लागायच्या त्या दारांतून आता हाका: "काका, आमच्या सासऱ्यांची पंचमी आहे, चार मिळतील?" भाऊंनी सगळ्यांना दिली, भांड्यात घालूनच. अष्टमीला सकाळी उरलेली अकरा भांडी भरून अकरा घरी पोचवली. मला म्हणाले, "उद्या ही परत येतील. यांतली एक तरी दारात येईल. तिला सांगतो." बोलताना त्यांचे ओठ हलले, जणू वाक्य पाठ करत होते.

त्या अष्टमीला संध्याकाळी पाऊस होता आणि भिंत शेवाळून निसरडी झाली होती. म्हणून आलेली दोन भांडी घेऊन मी गल्लीतून फिरून त्यांच्या दाराशी गेले. कित्येक महिन्यांत गेले नव्हते.

दार उघडंच होतं. भाऊ मागे परसात होते. बाहेरच्या खोलीत फरशी पुसून लख्ख केलेली. भिंतीकडेला सतरंजी अंथरलेली, तिची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. ताटलीत चार कप पालथे. नवे. एका कपाच्या कानाला बांधणीच्या गवताची काडी अजून अडकलेली. शेजारी साखरेची बरणी, चहापत्तीचा पुडा, न फोडलेला. आणि खुंटीला त्यांचा धुतलेला सदरा. दुपारी घालून बसायचे असणार, मग संध्याकाळी काढून ठेवायचे, चुरगळू नये म्हणून.

परसातून काळू केविलवाणा ओरडत होता. मी डोकावले. तो मांडवाच्या खांबाला दोरीने बांधलेला. तेरा वर्षांत त्या कुत्र्याच्या गळ्यात कधी दोरी नव्हती.

भाऊ म्हणाले, "बांधून टाकलाय. लोक भितात म्हने."

मी भांडी खाली ठेवली आणि परत आले. चहासुद्धा घेतला नाही, ते विचारत होते तरी. रंगभूमीवर एक गुन्हा फार मोठा मानतात: दुसऱ्याच्या प्रवेशात जाऊन उभं राहायचं. मी मोठमोठ्या नटांवर त्यापायी भांडले आहे. आणि इथे एका माणसाची पंधरा दिवसांची माणसं मी माझ्या व्हरांड्यात बसवून घेतली होती. त्याला कशासाठी हवी होती ते माहीत असूनही.

कबुली द्यायला जायला हवं होतं. तेवढं धैर्य झालं नाही. मी दुसरं केलं. नवमीला सकाळी नऊ वाजता पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं, वळसा घालून मागच्या दाराने आत आले, खिडक्यांचे पडदे ओढले आणि स्वयंपाकघरात पाटावर बसले. म्हटलं, आज मी विंगेत.

मागच्या खिडकीतून भाऊंची चाहूल येत होती. कढीची फोडणी. वाटण. गोवरीचा धूर. अधूनमधून काळूची कुईकुई.

साडेदहाला फाटक वाजलं. "आजी!" कुणी तरी कुलूप हलवलं. "अगं बाई, कुलूप." मग भांडं कट्ट्यावर ठेवल्याचा आवाज, आणि पावलं आली तशी परत गेली. अकराला दुसरी. तीही तशीच. मी कपाळाला हात लावला. आणखी एक, मग आणखी एक. त्या सगळ्यांना माझ्या कट्ट्याची सवय मीच लावलेली. माझ्या व्हरांड्यात भांड्यांची रांग लागत होती आणि मला बाहेर येऊन ओरडता येत नव्हतं की बायांनो, पुढे जा, गल्लीच्या टोकापर्यंत जा.

पावणेबाराला पुन्हा पावलं. थांबली. कुलपाशी गेलीच नाहीत. पुढे निघाली.

मी खिडकीला कान लावला.

"काका? आहात का?" भाग्यश्रीचा आवाज. "तुमचं भांडं. आजी नाहीत ना आज, म्हणून इकडे आले. काळू कुठे आहे? आजी म्हणाल्या, अंगावर येतो."

मी डोळे मिटून घेतले. पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग भाऊ म्हणाले, "हां... येतो कधी कधी. बांधलाय. या तुम्ही."

त्यांनी मला झाकलं होतं.

"काय वास सुटलाय काका! काय आहे आज?"

आता, मी मनात म्हटलं. आता बोला. कंपनीत नट अडला की प्रॉम्प्टर विंगेतून पहिला शब्द टाकतो. माझ्या ओठांवर ते वाक्य तयार होतं. मी पदराचा बोळा तोंडात धरला.

"आज..." भाऊ म्हणाले. "आज आमच्या मंडळींची नवमी हाये. पान वाढायचं हाये. सवाष्ण नाय."

भाग्यश्री खालच्या आवाजात म्हणाली, "काका, माझं लग्नाचं पहिलं वर्ष आहे. सासूबाईंनी बजावलंय, वर्षभर श्राद्धाचं कुठे जेवायचं नाही. नाही तर मी..."

"नाय, नाय. बरोबर हाये. रीत हाये ती," भाऊ घाईने म्हणाले. "तुम्ही आलात, लय झालं."

पावलं गेली. कढई खाली उतरवल्याचा आवाज आला. गॅस बंद झाला. मी तिथेच भिंतीला टेकून बसले होते, आणि मला त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर मी पेटीतलं खोटं मंगळसूत्र खरंच गळ्यात घातलं असतं.

दहा मिनिटं झाली असतील. गल्लीतून धावत आल्यासारखी पावलं, बांगड्यांचा खणखणाट आणि तो खणखणीत आवाज:

"काय हो भाऊजी! दोन महिने गिलकी खाऊ घालून जीव घेतलात, आणि जेवायला बोलवायची वेळ आली तेव्हा तोंडाला कुलूप? भाग्यश्रीने सांगितलं म्हणून कळलं!"

सुवर्णा.

"तुम्ही... बसाल?" भाऊ म्हणाले.

"बसायलाच आले. नवसाबाईंनी माझ्या दोन्ही बाळंतपणात मेथी आणून टाकलीय दारात. एक पैसा घेतला नाही. त्यांच्या नवमीला मी नाही बसणार? आणि ही भजी कुणी तळली? करपवलीत की! व्हा बाजूला, दुसरा घाणा मी काढते."

"अहो, सवाष्णीनं तळायचं नसतं, खायचं असतं..."

"करपलेली खाऊ घालून पाठवणार होतात त्यांना? सरका!"

कढईत भजी सोडल्याचा आवाज आला. नंतर भाग्यश्रीही परत आली. जेवली नाही, पण वाढायला थांबली. भाऊंनी गच्चीवर घास ठेवला. कावळा आला की नाही ते मला दिसलं नाही, वरून सुवर्णाची हाक मात्र ऐकू आली, "आला, आला, भजंच उचललं बघा!" मग खाली आल्यावर कुणी तरी काही बोललं आणि भाऊ हसले. त्यांचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं. खोकल्यासारखं, अडखळत येणारं.

"आजी हव्या होत्या," भाग्यश्री म्हणाली. "कुठे गेल्या कोण जाणे."

"आज नेमकं कुलूप," सुवर्णा म्हणाली.

मी पाटावर बसले होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि दोन हातांवर गिलक्याची भजी तळत होती. बाहेर माझ्या कट्ट्यावर चार भरलेली भांडी, माझी नव्हेत अशी.

पाच वाजता परसाच्या भिंतीवर टकटक झाली. मी उठले नाही. पुन्हा झाली. "बाई," भाऊ हळूच म्हणाले. "मागचं दार आतून लावलेलं दिसतंय. म्हंजे घरीच हायेत तुम्ही."

मी दार उघडलं. त्यांच्या अंगात तो धुतलेला सदरा होता. हातात झाकलेलं पातेलं. त्यांनी ते भिंतीवरून माझ्या हातात दिलं. खीर, दोन वडे आणि भजी, दुसऱ्या घाण्याची.

मी म्हटलं, "भाऊ, मी..."

"काळूला सोडलाय," ते म्हणाले. "भांडं दारातनं आनून द्या."

दुसऱ्या दिवशी मी गेले. रिकामं कसं न्यायचं म्हणून पातेल्यात साखर घातली. घरात दुसरं काही नव्हतं. सतरंजीवर सुवर्णा आणि भाग्यश्री बसल्या होत्या. चारही कप आता सुलटे होते, चौथा माझ्यासाठी. काळूने माझा हात चाटला. कुणी काही विचारलं नाही. मी त्या दिवशी एकही गोष्ट सांगितली नाही. भाऊ सांगत होते, कुठल्या वाफ्यात काय होतं ते. बायका ऐकत होत्या.

त्यानंतर दुपारची माणसं त्यांच्या दारात जायला लागली. माझ्या फाटकावरून पावलं पुढे जायची. कुणी "काय आजी" म्हणून हात हलवायचं. मी व्हरांड्यात बसून मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मोजायचे. मीही जात असे कधीकधी. पण रोज रोज दुसऱ्याच्या प्रवेशात जाऊ नये, एवढं मी शिकले होते.

भाऊ पुण्याला गेले नाहीत. आणखी सहा नवम्या त्यांनी केल्या, सहाही नवम्यांना सुवर्णा बसून जेवली. दर पावसाळ्यात चौदा वेल. आम्ही सांगून थकलो, हात काही खाली गेला नाही. २००५ च्या श्रावणात वेल फुलांनी भरलेले असतानाच ते झोपेत गेले. राजने घर विकलं. सुवर्णाच्या नवऱ्याची बदली झाली, भाग्यश्री मुलांच्या शाळेसाठी गंगापूर रोडला राहायला गेली. भाऊंच्या जागी आता तीन मजली इमारत आहे. तिथल्या कुणाला आपल्या हॉलमध्ये काय पिकत होतं ते माहीत नाही.

त्या शेवटच्या श्रावणात त्यांनी पहिल्या तोडीची चार गिलकी मला पातेल्यात घालून दिली होती. ते पातेलं माझ्याकडे राहिलं. मी राजला म्हटलं, घेऊन जा. तो म्हणाला, राहू द्या आजी. नवमीला मी त्यात बाजारातली गिलकी आणून ठेवते. चार भजी तळते, ती पातेल्यात झाकून गल्लीच्या टोकापर्यंत जाते. इमारतीच्या फाटकाशी उभी राहते थोडा वेळ. मग परत येते, आणि भजी मी खाते. ती अजूनही आतून गुळमुळीतच लागतात.